पाया बर्फाचा

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून आलेल्या ट्रेलरच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि आमच्या गाडीच्या काचेवर टक्कन आपटला. करंगळीच्या नखाएवढी चांदणी उमटली. मी चरफडले. बाबांनी शांतपणे शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, ते काचेवर उमटेना म्हणून कप्प्यातला मार्कर शोधला आणि चांदणीतून निघालेल्या केसाएवढ्या भेगेच्या टोकाशी, आतल्या बाजूने, एक बारीक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: २/७.

"हे काय?"

"भेग आहे. वाढते का ते बघायला नको?"

बाबांनी आयुष्यभर रस्ते बांधले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण भिंतीला तडा दिसला की तारीख घालायची, हा हात काही निवृत्त झालेला नाही. आईने या प्रवासाला स्वच्छ नकार दिला होता. "दोन हजार किलोमीटर झाडं बघायला मी येत नाही," असं म्हणून ती माझ्या घरी राहिली, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला तिचंच म्हणणं पटत होतं.

आम्ही निघालो होतो अलास्का हायवेने. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डॉसन क्रीक नावाचं गाव आहे, तिथे भर चौकात शून्य मैलाचा खांब आहे. तिथून हा रस्ता वायव्येला सुटतो, कॅनडाचाच युकॉन प्रदेश ओलांडतो आणि अलास्कात डेल्टा जंक्शनला संपतो. आज त्याची लांबी साधारण २,२३० किलोमीटर भरते. १९४२ मध्ये तो पहिल्यांदा खोदला तेव्हा मात्र २,७०० किलोमीटरच्या आसपास होता. वळणं काढत, चढ कापत, नव्या पुलांनी दऱ्या ओलांडत रस्ता आक्रसत गेला, पण गावं आणि ढाबेवजा लॉज यांचे पत्ते जुन्याच मैलांवर राहिले. लिआर्डचे गरम पाण्याचे झरे आजही मैल ४९६ ला आहेत, गाडीचा आकडा काहीही दाखवो. या मैलांना इथे 'ऐतिहासिक मैल' म्हणतात.

"म्हणजे मैलही निवृत्त होतात," बाबा म्हणाले. "आणि पेन्शनवर जगतात."

पहिले साडेचारशे किलोमीटर, फोर्ट नेल्सनपर्यंत, कंटाळवाणे आहेत. सपाट शेतं, मग नैसर्गिक वायूच्या कामावरचे ट्रक, मग स्प्रूसची झाडं, मग आणखी स्प्रूस. जगातल्या सुंदर रस्त्यांच्या याद्यांमध्ये हा भाग कोणी दाखवत नाही, आणि शहाणपणानेच दाखवत नाही. त्या दिवसात एकच जागा लक्षात राहिली. सिकानी चीफ नावाच्या नदीकडे रस्ता झपकन खाली उतरतो आणि पुलावरून पलीकडे जातो. पूल नवा आहे. पण १९४२ मध्ये इथे जो लाकडी पूल झाला, तो अमेरिकी लष्कराच्या ९५व्या इंजिनिअर रेजिमेंटने जेमतेम तीन-चार दिवसांत उभा केला. आसपासची झाडं तोडून, थंडगार पाण्यात छातीपर्यंत उभं राहून, रात्री ट्रकचे दिवे पाण्यावर सोडून. ती कृष्णवर्णीय सैनिकांची रेजिमेंट होती.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अलास्का तोडला गेला तर काय, ही भीती वॉशिंग्टनला एकदम खरी वाटायला लागली. मार्च १९४२ मध्ये काम सुरू झालं, ऑक्टोबरअखेर रस्ता जोडला गेला. आठ महिने. दहा हजारांहून जास्त सैनिक होते, त्यातले साधारण एकतृतीयांश कृष्णवर्णीय. त्यांच्या रेजिमेंट वेगळ्या, तंबू वेगळे, यंत्रांच्या वाटपातही हात आखडता. आणि तरी २५ ऑक्टोबरला बीव्हर क्रीकजवळच्या रानात दोन बाजूंनी झाडं पाडत आलेले दोन बुलडोझर समोरासमोर ठाकले, तेव्हा एकावर रिफाइन्स सिम्स होता, ९७व्या कृष्णवर्णीय रेजिमेंटचा कॉर्पोरल, आणि दुसऱ्यावर आल्फ्रेड जालुफ्का, १८व्या गोऱ्या रेजिमेंटचा. दोघांनी हात मिळवतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. लष्करातला वर्णभेद मोडायचा आदेश निघाला १९४८ मध्ये. त्याच वर्षी हा रस्ता सामान्य लोकांना खुला झाला.

बाबांचं लक्ष मात्र आठ महिन्यांवर अडकलं होतं. "आठ महिन्यांत आमच्या भूसंपादनाची पहिली नोटीस निघायची नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण कोणाची जमीन होती ती? विचारलं असेल कोणाला?"

विचारलं नव्हतं. कास्का, टलिंगिट, सदर्न टुटचोनी या लोकांची ही भूमी. रस्ता कुठून काढायचा हे शोधणाऱ्यांना त्यांनीच आपल्या जुन्या पाऊलवाटा दाखवल्या. रस्त्याबरोबर गोवर आणि इन्फ्लुएंझाही आला. टेसलिन या तळ्याकाठच्या गावाने १९४२-४३ च्या हिवाळ्यात एकापाठोपाठ एक साथी सोसल्या. आम्ही त्याच गावात एक रात्र राहिलो; तळं इतकं शांत होतं की हे वाचलेलं त्याला चिकटत नव्हतं.

फोर्ट नेल्सन सोडलं की रस्ता अचानक डोंगरात शिरतो आणि आईचं म्हणणं खोटं पडतं. समिट लेकजवळ तो सर्वांत उंच जागी पोचतो, १,२९५ मीटरवर. आकडा काही छाती दडपवणारा नाही, पण इतक्या उत्तरेला तेवढ्या उंचीवरच झाडं दमून मागे राहतात आणि वर नुसती करडी शिळा दिसते. पुढे मंचो लेक. रस्ता आणि पाणी यांच्यात हाताच्या अंतराची साइडपट्टी, दुसऱ्या बाजूला सुटा कडा. पाण्याचा रंग नितळ हिरवा-निळा, कोणी रंग कालवून ठेवल्यासारखा. मी दहा ठिकाणी गाडी थांबवली. बाबा दहाही वेळा उतरले, आणि दहाही वेळा पाण्याकडे पाठ करून कड्याकडे बघत राहिले.

"बाबा, तळं इकडे आहे."

"अगं हो. पण हा दगड बघ, नुसता भुसभुशीत आहे. पावसात खाली येत असणार. मोऱ्या किती दिल्यात बघितल्यास? पाणी काढलंय नीट." मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं: "रस्त्याचा शत्रू ट्रक नाही. पाणी."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या घरात त्याला जवळजवळ श्लोकाचा मान आहे. ते इथे, याच प्रवासात, त्यांच्याच तोंडावर उलटणार आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रस्त्यावर मध्येच स्टोन शीप जातीच्या मेंढ्या उभ्या होत्या, करड्या अंगाच्या, जाड वळलेल्या शिंगांच्या. खनिजांसाठी रस्त्याकडेची माती चाटत होत्या. भोंगा वाजवला तरी मान वर करेनात. पुढे लिआर्डच्या अलीकडे बायसनचा कळप, साइडपट्टीवर मांडी ठोकून बसलेला. एक थोराड नर रस्त्याच्या मधोमध, पिवळ्या रेघेवर, अंगावरच्या जुन्या लोकरीची लक्तरं लोंबवत उभा होता. आम्ही इंजिन बंद केलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. सात-आठ मिनिटांनी, आमच्यामुळे नव्हे, स्वतःच्या मनाने, तो बाजूला झाला. त्या रात्री लिआर्डच्या झऱ्यात, गंधकाचा वास येणाऱ्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसलो. दलदलीवरून झऱ्यापर्यंत जायला फळ्यांची वाट आहे. पहिली वाट १९४२ च्या सैनिकांनी घातली. एवढ्या रानात आठवडेच्या आठवडे आंघोळीविना काम करणाऱ्या माणसांना हे पाणी सापडलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे त्या पाण्यात बसल्यावर सांगावं लागत नाही.

वॉटसन लेकचं पाट्यांचं जंगल सगळे बघतात, आम्हीही बघितलं. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या, जखमी होऊन हलक्या कामावर टाकलेल्या सैनिकाने घराच्या आठवणीने इलिनॉयमधल्या आपल्या डॅनव्हिल गावाची पाटी ठोकली. आता तिथे जगभरच्या गावांच्या हजारो पाट्या आहेत. मला ते फारसं भावलं नाही. एक पाटी म्हणजे एका माणसाची आठवण होती, हजारो म्हणजे गर्दी. बाबा मात्र खांबांचे खोदखड्डे किती खोल असतील याचा अंदाज बांधत होते.

या रस्त्यावर गाडी चालवण्याची एक वेगळीच लय लागते. दोन पंपांमधलं अंतर दीडशे-दोनशे किलोमीटर, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची. "पुढे भरू" हा शब्द इथे चालत नाही. दिवसाढवळ्याही दिवे लावून चालवायचं, कारण समोरचा दिसतो तो आधी एक ठिपका आणि मग धुरळा म्हणून. मोबाईलला तासन्‌तास रेंज नाही. एकेकाळी दर पन्नास-साठ किलोमीटरवर लॉज होते. रस्ता सुधारला, गाड्या एका दिवसात लांब जायला लागल्या, आणि लॉज एकामागून एक मिटले. फळ्या ठोकलेल्या खिडक्या, गंजलेला पेट्रोलपंप, त्याच्यावर कुठल्यातरी जुन्या भावाशी थांबलेले आकडे. असे चार तरी आम्ही मोजले. रस्ता चांगला झाल्यामुळे रस्त्यावरची माणसं गेली, हे बाबांना खटकलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

रस्त्याच्या दोन्ही कडांना फायरवीड फुलायला लागलं होतं. युकॉनचं राजपुष्प. जळलेल्या रानात आणि खणलेल्या जमिनीवर सगळ्यात आधी हेच उगवतं. उंच तुरा असतो, जांभळट गुलाबी, आणि फुलं खालून वर उमलत जातात. टोकाची कळी फुलली की हिवाळा सहा आठवड्यांवर आला, असं इथले लोक म्हणतात. जुलैचा पहिला आठवडा होता. खालच्या चार-पाच कळ्याच उघडल्या होत्या.

काचेवरची भेग तोवर वीतभर झाली होती. रेघा तीन: २/७, ३/७, ४/७.

व्हाइटहॉर्सनंतर, हेन्स जंक्शन ओलांडल्यावर, डाव्या हाताला क्लुआनीचे डोंगर उभे राहतात. त्यांच्या मागे कुठेतरी माउंट लोगन आहे, ५,९५९ मीटर, कॅनडातलं सर्वोच्च शिखर. रस्त्यावरून ते दिसत नाही. समोर येतं क्लुआनीचं तळं, आणि तळ्याच्या दक्षिण टोकाशी एक लांबलचक पूल. पुलाखाली नदी असायला हवी. तिथे धूळ होती.

सवयीप्रमाणे बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. करड्या मातीचं भलंमोठं सपाट पात्र, मध्ये एखादा कमरेच्या पट्ट्याएवढा ओहोळ, आणि डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर उठणारे मातीचे पडदे. दातांत कचकच आली.

ही स्लिम्स नदी. टुटचोनी भाषेत आए चू. कास्कावुल्श हिमनदीचं वितळलेलं पाणी हिच्यातून क्लुआनीच्या तळ्यात यायचं आणि नदीमागून नदी पार करत युकॉन नदीला मिळून बेरिंगच्या समुद्राला जायचं. हिमनदी मागे हटत गेली, आणि २०१६ च्या मे महिन्याच्या शेवटी, अवघ्या चार दिवसांत, पाण्याला बर्फातून दुसरीकडे उतार सापडला. तेव्हापासून ते कास्कावुल्श नदीतून दक्षिणेला, आल्सेकमधून थेट पॅसिफिकला जातं. जवळजवळ अख्ख्या नदीने समुद्र बदलला. तळ्याची पातळी उतरली. पूल जागच्या जागी राहिला.

"पूल कितीचा असेल?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

बाबांनी उत्तर दिलं नाही. खूप वेळाने म्हणाले, "पुराची पातळी काढताना आम्ही शंभर वर्षांतला मोठ्यात मोठा पूर धरायचो. पाणीच येणार नाही, असं कधी कोणी धरलं नाही."

पलीकडे डोंगराच्या उतारावर पांढऱ्या डॉल मेंढ्यांचे ठिपके दिसत होते. त्याच बाजूला सोल्जर्स समिट आहे, जिथे २० नोव्हेंबर १९४२ ला, कडाक्याच्या थंडीत, फीत कापून रस्त्याचं उद्‌घाटन झालं. मी तिथे चढून जायचं ठरवलं होतं. वाऱ्यामुळे नाही गेलो.

डिस्ट्रक्शन बेपासून पुढे बीव्हर क्रीकपर्यंतचा तुकडा मात्र सगळ्या प्रवासाचा गाभा निघाला, आणि त्याचा एकही चांगला फोटो माझ्याकडे नाही. दृश्य म्हणाल तर साधंच. पाणथळ, खुरटी काळी स्प्रूस, दारू प्यायल्यासारखी इकडेतिकडे कललेली. पण रस्ता! डांबर आहे, पट्टे आहेत, आणि तरी गाडी होडीसारखी वरखाली होते. जिथे हेलकावा मोठा तिथे कडेला लहानसं झेंडू रंगाचं निशाण लावलेलं असतं. दिसेपर्यंत चाकं हवेत. इथले लोक याला फ्रॉस्ट हीव्ह म्हणतात, म्हणजे थंडीने वर आलेला उंचवटा. बाबांनी दोन वेळा उतरून, गुडघ्यावर बसून, डोळा डांबराच्या पातळीला आणून बघितलं.

"वर काही आलेलं नाही," ते हात झटकत म्हणाले. "बाकीचं खाली बसलंय."

खाली पर्माफ्रॉस्ट आहे, बारमाही गोठलेली जमीन. काही ठिकाणी मातीपेक्षा बर्फच जास्त. तिच्यावर शेवाळ आणि पाचोळ्याची जाड गादी असते, ती उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नाही. १९४२ मध्ये सैनिकांनी जगातल्या कुठल्याही रस्तेवाल्याने करावं तेच केलं: आधी वरचा मऊ थर खरवडून काढला. बाबांनीही हजार वेळा हेच केलं आहे, कनिष्ठांकडून दरडावून करून घेतलं आहे. इथे ती गादी काढली आणि खालचा दगडासारखा टणक पाया पुढच्या उन्हात चिखल झाला. यंत्रं रुतली, १९४३ च्या उन्हाळ्यात रस्त्याचे तुकडेच्या तुकडे गिळले गेले. मग ते शिकले: गादीला हात लावायचा नाही, तिच्यावर ओंडके आडवे अंथरायचे, त्यांच्यावर भराव. आजही काही फार वेगळं नाही. काळं डांबर ऊन पितं आणि रस्ता स्वतःच्याच खालची जमीन वितळवतो.

पुढे काम चालू होतं. पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईने आम्हाला थांबवलं. मार्गदर्शक गाडी परत यायला वीस मिनिटं. बाबा डासांची पर्वा न करता खाली उतरले आणि आपल्या ठाशीव इंग्रजीत तिच्याशी बोलायला लागले. तिने डोक्यावरची जाळी वर केली नाही, पण बोलली भरपूर. दरवर्षी इथे भराव घालतो, दरवर्षी तो बसतो. मग तिने पुढच्या प्रयोगाच्या तुकड्याबद्दल सांगितलं. बीव्हर क्रीकजवळ युकॉन सरकारने २००८ मध्ये रस्त्याचा एक भाग निव्वळ चाचणीसाठी बांधला आहे: कुठे मोठ्या दगडांचा पोकळ भराव, ज्यातून हिवाळ्यात गार हवा खाली उतरावी, कुठे फिकट रंगाचा पृष्ठभाग, कुठे उतारावर छपरं. एका तुकड्यावर तर हिवाळ्यात कडेचा बर्फ काढून टाकतात.

"बर्फ का काढायचा?" बाबांनी विचारलं. "थंडी हवीय ना?"

"बर्फ म्हणजे रजई," ती म्हणाली. "खालच्या जमिनीला ऊब देतो. तिला गारठू द्यायचं असेल तर अंगावरची रजई काढायला लागते."

बाबा गाडीत येऊन बसले ते गप्पच. मार्गदर्शक गाडीमागे सगळे हळूहळू निघालो. खूप पुढे गेल्यावर ते म्हणाले, "म्हणजे इथे पाणी शत्रू नाही. पाणी पायाच आहे. फक्त ते पाणी होऊ द्यायचं नाही."

त्यांचा श्लोक त्यांनीच असा मोडून, नवीन जोडून घेतला. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं.

बीव्हर क्रीक म्हणजे रस्त्याकडेची मूठभर घरं. इथून पूर्वेला जवळच स्नॅग नावाची जुनी धावपट्टी आहे, जिथे ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं, उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत कमी. आम्ही पोचलो तेव्हा अर्ध्या बाह्यांत घाम येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अलास्काची हद्द बघून मागे फिरायचं होतं. १४१ व्या रेखांशावरून रानातून सरळ कापत नेलेली सहा मीटर रुंदीची मोकळी पट्टी आहे, तीच सीमा. तीही दर काही वर्षांनी छाटावी लागते, नाहीतर रान ती भरून टाकतं.

मला झोप येईना. खिडकीला जाड पडदे होते, त्यांच्या फटीतून उजेड आत यायचाच. उठून बाहेर आले तर बाबा गाडीशी उभे होते, मार्कर हातात, नाक काचेला लावून. भेग आता स्टिअरिंगसमोर, माझ्या बाजूला वळली होती.

युकॉनने २०२० पासून घड्याळ वर्षभर एकाच वेळेला बांधून टाकलं आहे, त्यामुळे इथे पश्चिम टोकाला ऐन माध्यान्ह दुपारी अडीचला होते आणि दिवस रात्रीत घुसतो. माझ्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. झाडांच्या शेंड्यांवर अजून पिवळं ऊन होतं.

बाबांनी टोक शोधलं, रेघ मारली आणि मार्कर तसाच धरून थांबले.

"अगं, तारीख काय घालू? पाच म्हणू की सहा?"

मी घड्याळ दाखवलं.

"ते ठीक आहे गं," ते शेंड्यांकडे बघत म्हणाले. "पण ऊन अजून कालचंच आहे."